निष्ठेची शाळा आणि प्रश्नाचा अधिकार

उत्तर आधीच हाती असलेल्याने प्रश्न कसा शिकवावा, हा शिक्षणविचारातील एक जुना पेच आहे. विशिष्ट श्रद्धेच्या पायावर उभ्या राहिलेल्या संस्थेला विद्यार्थ्याच्या बुद्धीला मोकळीक देता येते काय, आणि दिलीच तर त्या मोकळिकीची मर्यादा कोणी ठरवावयाची? या प्रश्नाची चर्चा बहुधा अमूर्त पातळीवर होते. श्रद्धा आणि बुद्धी यांना दोन वादींसारखे समोरासमोर उभे करून निकाल दिला जातो. परंतु ज्या परंपरेने या दोहोंचा आग्रह सारख्याच तीव्रतेने धरला, तिच्या इतिहासाकडे पाहिले असता हा पेच अधिक अवघड आणि अधिक उद्बोधक रूपात समोर येतो. सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेतून निघालेली, ‘रिफॉर्म्ड’ या नावाने ओळखली जाणारी प्रॉटेस्टंट शाखा ही अशी परंपरा होय.

५ जून १५५९ रोजी जिनीव्हा येथील सेंट पीटरच्या प्रार्थनामंदिरात तेथील अकादमीची विधिपूर्वक स्थापना झाली. झां कॅल्व्हिन हा तिचा प्रेरक आणि थिओडोर बेझा हा तिचा पहिला प्रमुख. संस्थेचे दोन विभाग होते. खालच्या विभागात सात वर्ग असत. सातव्या वर्गात अक्षरओळखीपासून आरंभ करून विद्यार्थी पहिल्या वर्गापर्यंत चढत जाई. वरच्या विभागात हिब्रू, ग्रीक, तर्कादी विद्या आणि ईश्वरविज्ञान यांवर व्याख्याने होत. सुधारित मंडळ्यांसाठी सुविद्य पाळक घडविणे हा संस्थेचा उघड हेतू होता. तथापि या भावी पाळकांच्या हाती जी पुस्तके दिली जात, त्यांतील कितीतरी ख्रिस्ती लेखकांची नव्हती. सिसेरो, व्हर्जिल, ओव्हिड, लिव्ही, होमर, डिमॉस्थिनिस या मूर्तिपूजक ग्रीक-रोमन लेखकांच्या सान्निध्यात मुलगा भाषा शिके, युक्तिवाद शिके आणि माणसाच्या मनाचे व्यवहारही शिके.

मानवी स्वभाव पापाने मुळातूनच विकृत झाला आहे असे ठासून सांगणाऱ्या पंथाने परधर्मीयांच्या ग्रंथांना एवढे मानाचे स्थान द्यावे, हे वरवर पाहता विसंगत वाटते. कॅल्व्हिनने या विसंगतीचे उत्तर आपल्या ‘ख्रिस्ती धर्माचे मूलतत्त्व’ या ग्रंथात दिलेले आहे. त्याच्या प्रतिपादनाचा आशय असा की, प्राचीनांचे कायदे, त्यांचे वैद्यक, त्यांचे गणित आणि वक्तृत्व यांत जे सत्य प्रकटते ते ईश्वराच्या आत्म्याचेच दान आहे. ते तुच्छ मानणे म्हणजे दात्याचाच अवमान करणे होय. आत्म्याच्या तारणाचा मार्ग त्या लेखकांना सापडला नाही असे तो मानतो, पण म्हणून त्यांना सापडलेले सत्य हलक्या प्रतीचे ठरवीत नाही. परंपरेच्या सगळ्या विद्याव्यासंगाचे मूळ या सिद्धान्तात आहे. सत्य एकाच उगमातून येत असेल तर ते कोणाच्या मुखातून आले यावरून त्याची किंमत ठरत नाही.

हा सिद्धान्त उदार आहे, आणि म्हणूनच तो बंधनकारकही आहे. ते बंधन किती दूरवर जाते हे कॅल्व्हिनच्या चरित्रातील दोन तारखा शेजारी ठेवल्या की ध्यानी येते. १५३२ मध्ये, अद्याप धर्मसुधारक म्हणून त्याचा उदय झालेला नसताना, या तरुण पंडिताने पदरमोड करून आपले पहिले पुस्तक छापले. ते सेनेकाच्या क्षमाशीलतेवरील निबंधाचे भाष्य होते. तरुण सम्राट नीरो याला उद्देशून सेनेकाने लिहिलेल्या त्या निबंधाचा विषय असा की, ज्याच्या हाती दंडशक्ती आहे त्याने ती आवरावी कशी आणि का. २७ ऑक्टोबर १५५३ रोजी याच कॅल्व्हिनच्या जिनीव्हात मिखाएल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याला जिवंत जाळण्यात आले. त्रैक्याचा सिद्धान्त आणि अर्भकांचा बाप्तिस्मा त्याने नाकारला, हा त्याचा अपराध. निकाल नगरसभेचा होता, कॅल्व्हिनचा नव्हता. जाळण्याऐवजी शिरच्छेद व्हावा अशी कॅल्व्हिनची इच्छाही होती. परंतु सर्व्हेटसला पकडविण्यात आणि त्याच्यावरील आरोपांची मांडणी करण्यात त्याचाच पुढाकार होता, आणि पुढील वर्षी त्याने या शिक्षेचे लेखी समर्थन केले.

कॅल्व्हिनच्या बाजूने सांगितले जाते ते असत्य नाही. व्हिएन्न या फ्रेंच नगरातील कॅथलिक सत्तेनेही सर्व्हेटसला आधीच जाळण्याची शिक्षा फर्मावली होती, आणि अनेक प्रॉटेस्टंट धुरीणांनी जिनीव्हाच्या कृतीला संमती दिली. एखाद्या माणसाला त्याच्या काळाच्या मापाने मोजावे हा न्यायही योग्यच आहे. पण येथे तो पुरेसा पडत नाही; कारण या कृतीला उत्तर देणारा आवाज त्याच काळात, त्याच विद्येच्या मुशीतून उठला होता.

तो आवाज सेबास्टियन कास्टेल्यो याचा. अकादमी निघण्यापूर्वी जिनीव्हात जी शाळा होती, तिचा कास्टेल्यो १५४० नंतरच्या काही वर्षांत प्रमुख होता. मुलांना लॅटिन यावे आणि बायबलही कळावे म्हणून त्याने रचलेले पवित्र संवाद पुढे युरोपभर शाळांतून वाचले गेले. त्याला पाळकपद हवे होते, ते मिळाले नाही. नकाराच्या कारणांत एक कारण ‘गीतरत्न’ या बायबलमधील पुस्तकाविषयीचे होते: त्या पुस्तकात कास्टेल्योला प्रेमकाव्य दिसत होते, कॅल्व्हिनला पवित्र रूपक. त्याचे आचरण निर्दोष असल्याचा दाखला देऊनच जिनीव्हाने त्याला १५४४ मध्ये निरोप दिला. शब्दाचा मूळ अर्थ शोधावा, रूढ अर्थापुढे मान तुकवू नये, हे ज्या मानव्यविद्येने शिकविले तिचाच अवलंब त्याने एका पवित्र ग्रंथाच्या बाबतीत केला होता. सर्व्हेटसच्या मृत्यूनंतर, १५५४ मध्ये, बाझेलहून टोपणनावाने निघालेल्या ग्रंथात त्याने पाखंड्यांना देहदंड देण्याच्या प्रथेविरुद्ध जुन्या-नव्या ख्रिस्ती लेखकांची मते एकत्र केली. कॅल्व्हिनच्या समर्थनाला त्याने लिहिलेले उत्तर मात्र त्याच्या हयातीत छापले गेले नाही. १५६३ मध्ये तो वारला आणि ते उत्तर १६१२ मध्ये हॉलंडात प्रकाशित झाले. मत खोडण्यासाठी मत पुरते आणि माणूस मारल्याने मत मरत नाही, हा त्याच्या विवेचनाचा गाभा होता.

अकादमीच्या अभ्यासक्रमाकडे या पार्श्वभूमीवर पुन्हा पाहिले म्हणजे एक अस्वस्थ करणारी गोष्ट जाणवते. व्हर्जिल आणि सिसेरो यांना वर्गात जागा होती; कास्टेल्योला नगरात जागा उरली नव्हती. मृत परधर्मीयाचा सन्मान करणे तुलनेने सोपे असते. तो उलट प्रश्न विचारीत नाही. त्याच्यातील काय घ्यावे आणि काय टाकावे हे शिक्षकाला ठरविता येते. जिवंत मतभेदक शिक्षकाच्याच भाषेत, शिक्षकाच्याच प्रमाणांनी बोलतो, आणि त्याच्या बोलण्यातून निवड करण्याचा अधिकार शिक्षकाकडे राहत नाही. सत्य कोणाच्याही मुखातून येऊ शकते या सिद्धान्ताची खरी कसोटी शेजारच्या घरातल्या माणसापाशी लागते, दीड हजार वर्षांपूर्वीच्या रोमन लेखकापाशी नाही.

या कसोटीचा प्रसंग पुढील पिढ्यांवर वारंवार आला. स्पॅनिश वेढ्यातून सुटलेल्या लायडन नगरात १५७५ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले आणि लवकरच ते युरोपातील अग्रगण्य विद्याकेंद्र बनले. तेथे १६०३ पासून ईश्वरविज्ञानाचा प्राध्यापक असलेला याकोबस आर्मिनियस जिनीव्हात बेझापाशी शिकलेला होता. ईश्वर कोणाची निवड करतो आणि त्या निवडीत मनुष्याच्या प्रतिसादाला काही स्थान आहे काय, या प्रश्नावर त्याने गुरूच्या मताहून वेगळे मत मांडले. सहाध्यापक गोमारस याच्याशी झालेला त्याचा वाद विद्यापीठापुरता राहिला नाही. त्याच्या मृत्यूनंतर डॉर्ट येथील १६१८-१९ च्या धर्मसभेने त्याच्या अनुयायांना दोषी ठरविले. सुमारे दोनशे पाळक पदच्युत झाले आणि लायडनचाच विद्यार्थी असलेला थोर विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस तुरुंगात गेला. जिनीव्हाने शिष्य घडविला, शिष्याने प्रश्न विचारला आणि संस्थेने तो प्रश्न सत्तेच्या स्वाधीन केला.

यावरून असा निष्कर्ष काढणे सोपे आहे की, शिक्षणाने कोणतीही निष्ठा बाळगू नये. वर्गाच्या दाराशी श्रद्धा उतरवून ठेवावी. या निष्कर्षाला परंपरेच्या आतून मिळालेले सर्वांत समर्थ उत्तर अब्राहम कायपर याचे आहे. २० ऑक्टोबर १८८० रोजी त्याने ॲमस्टरडॅम येथे ‘मुक्त विद्यापीठ’ स्थापन केले. येथे मुक्त याचा अर्थ श्रद्धेपासून मुक्त असा नव्हता; शासन आणि चर्च या दोहोंच्या अधिकारापासून मुक्त, असा होता. कायपरच्या मते सर्वथा तटस्थ विद्या अस्तित्वात नसते. मनुष्य म्हणजे काय, जगाला काही हेतू आहे काय, यांविषयीची गृहीते प्रत्येक विद्येच्या मुळाशी असतात. त्यांचा उच्चार करणारा प्रामाणिक ठरतो आणि ती लपविणारा केवळ आपल्या निष्ठेला निष्पक्षतेचे नाव देतो. कुटुंब, चर्च, शासन, विद्या या प्रत्येक क्षेत्राला ईश्वराने आपापली स्वायत्तता दिली आहे, म्हणून एकाने दुसऱ्यावर सत्ता गाजवू नये. याच तर्काने इतरांनीही आपापल्या तत्त्वांवर विद्यापीठे काढावीत. जिनीव्हाच्या मानाने हे फार मोठे नैतिक पाऊल होते: आपल्या सत्याचा आग्रह न सोडता नगरावरील मक्तेदारी सोडण्याची ही तयारी होती.

तरीही येथे प्रश्न संपत नाही. प्रत्येक समाज आपापल्या भिंतींच्या आत सुखरूप झाला की भिंतीपलीकडच्या माणसाचे ऐकण्याची निकड कमी होते. दक्षिण आफ्रिकेत कायपरच्या क्षेत्रविचाराला वंशविचाराची जोड मिळाली आणि ईश्वराने निर्मिलेल्या वेगळेपणाच्या नावाखाली वर्णभेदाला धार्मिक आधार शोधला गेला. रिफॉर्म्ड चर्चने १८६९ मध्ये काढलेल्या लहानशा पाठशाळेतून वाढलेले पॉचेफस्ट्रूमचे ख्रिस्ती विद्यापीठ त्या समाजव्यवस्थेचा भाग होते. पण या इतिहासालाही दुसरी बाजू आहे. त्याच परंपरेत वाढलेला बेयर्स नॉडे १९६३ मध्ये आपले पाळकपद सोडून वर्णभेदाविरुद्ध उभा राहिला. १९७२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या मुक्त विद्यापीठाने त्याला सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९७७ मध्ये त्याच्या देशातील शासनाने त्याच्यावर निर्बंध लादले, आणि त्याच वर्षी पॉचेफस्ट्रूमशी निगडित असलेल्या काही रिफॉर्म्ड विद्वानांनी ‘कोइनोनिया’ निवेदनातून वर्णभेदाच्या धोरणावर टीका केली. अन्यायाचे समर्थन आणि त्याचा निषेध ही दोन्ही एकाच ग्रंथपरंपरेतून निघाली. समर्थकांनी ग्रंथ आपल्या समाजाच्या सोयीने वाचला. निषेध करणाऱ्यांनी आपल्या समाजालाच ग्रंथासमोर उभे केले.

या परंपरेचा एक प्रवाह महाराष्ट्रातही आला. जिनीव्हात राहून गेलेला जॉन नॉक्स आणि त्याचे सहकारी यांनी स्कॉटलंडसाठी १५६० मध्ये आखलेल्या योजनेत प्रत्येक चर्चबरोबर शाळेची कल्पना होती. त्याच स्कॉटिश चर्चचा जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आला, आणि त्याने १८३२ मध्ये काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन महाविद्यालय उभे राहिले. येथे नैतिक प्रश्नाचे टोक उलट दिशेला वळते. जिनीव्हात शाळा आणि पालक यांची श्रद्धा एक होती. मुंबईत ती भिन्न होती. १८३९ मध्ये पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा शहरात क्षोभ उसळला आणि बरेचसे विद्यार्थी शाळा सोडून गेले. विद्येच्या आशेने मुलगा पाठविणाऱ्या पालकाला त्याची श्रद्धा मात्र हरवू द्यावयाची नव्हती, आणि त्याचे भय अनाठायी म्हणता येत नाही. पण शिकलेल्या मुलाच्या विवेकाचा मालक पालक नव्हे, तसा मिशनरीही नव्हे, ही गोष्ट दोन्ही पक्षांना पचविणे कठीण होते. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुले यांनी ती आपल्या जीवनाने सिद्ध केली. मिशनऱ्यांविषयी कृतज्ञता बाळगूनही ते ख्रिस्ती झाले नाहीत. शाळेने दिलेल्या इंग्रजीच्या बळावर त्यांनी थॉमस पेन वाचला, जो बायबलचे ईश्वरी प्रामाण्य मुळीच मानीत नव्हता. १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली आणि १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. शाळेचा धर्मांतराचा हेतू त्यांच्या बाबतीत विफल झाला. तिची विद्या मात्र सफल झाली.

निष्ठा असणे हा शिक्षणसंस्थेचा दोष नव्हे. ज्या शिक्षकाला काहीच खरे वाटत नाही, त्याच्यापाशी सत्यशोधनाची ओढ शिकण्यासारखी उरत नाही. परंतु भाषा, तर्क आणि ग्रंथार्थ ही साधने एकदा विद्यार्थ्याच्या हाती दिली की ती कोणत्या दिशेने चालवावीत हे संस्थेला ठरविता येत नाही, आणि ती स्वतःकडे वळली तर हिसकावून घेण्याचा अधिकारही तिला राहत नाही. सत्याचा उगम एकच आहे असे मानणाऱ्या परंपरेला तर या गोष्टीचे भय सर्वांत कमी वाटावयास हवे. ज्या ज्या वेळी तिला ते भय वाटले, त्या त्या वेळी तिने आपल्याच सिद्धान्तावर अविश्वास दाखविला. मतभेद करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याच वर्गात बसवून घेण्याइतका विश्वास त्या सत्यावर आहे काय, हा प्रश्न निष्ठेवर उभ्या असलेल्या प्रत्येक विद्यालयाला, मग त्याची निष्ठा धर्माची असो, राष्ट्राची असो वा एखाद्या विचारप्रणालीची असो, आजही चुकविता येत नाही.