कुणी न पाहिलेल्या जिवांचे मोल



दर रविवारी मिस्साबलिदानात आपल्या श्रद्धेची कबुली देताना आपण एक मोठी गोष्ट मान्य करतो. जे दिसते ते आणि जे दिसत नाही ते, सारे देवानेच निर्माण केले, असे आपण एकसुरात म्हणतो. न दिसणारे म्हणजे देवदूत आणि आध्यात्मिक सृष्टी, हे आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकलो आणि ते बरोबरच आहे. पण डोळ्यांना दिसू शकेल, तरीही कुणीच कधी पाहिलेले नाही, असेही एक विशाल जग या पृथ्वीवर आहे. ते आहे समुद्राच्या तळाशी. त्या जगावरून आज एक प्रश्न आपण स्वतःला विचारू या. ज्या जिवाला कुणी पाहिले नाही, ज्याला नाव नाही, ज्याचा उपयोग कुणाला ठाऊक नाही, त्याला काही मोल आहे का? आणि असेल, तर ते ठरवणारा कोण?

आपण समुद्राकाठची माणसे. बोंबील, जवळा, कोलंबी, निवट्या यांची ओळख आपल्याला कुणी करून द्यावी लागत नाही. ओहोटीला चिखलात उतरून तिसऱ्या आणि कालवे गोळा करणाऱ्या आपल्या आया-आज्यांना ठाऊक होते की वरून निर्जीव दिसणारा चिखल आतून जिवंत असतो. पण आपली ओळख किनाऱ्यापुरती. महासागराची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरांहून जास्त आहे. तिथे सूर्याचा किरण पोहोचत नाही, पाणी बर्फासारखे गार असते आणि वरून झिरपत येणाऱ्या उष्ट्या-खरकट्यावर तिथले बहुतेक जीव जगतात.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी शहाण्या माणसांचीही समजूत होती की तिथे काही जगूच शकत नाही. एडवर्ड फोर्ब्स हे इंग्लंडमधले नावाजलेले निसर्ग अभ्यासक. १८४१-४२ च्या सुमारास त्यांनी एजियन समुद्राचा तळ खरवडून पाहिला. जसजसे खोल जावे तसतसे जीव कमी होताना त्यांना दिसले. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की सुमारे साडेपाचशे मीटरांच्या खाली जीवसृष्टी संपत असावी. माणूस प्रामाणिक होता, पण अंदाज चुकला. १८७२ ते १८७६ या काळात 'चॅलेंजर' नावाच्या जहाजाने जगाच्या महासागरांतून प्रवास केला आणि हजारो मीटर खोलीवरून नमुने वर काढले. विज्ञानाला ठाऊक नसलेल्या चार हजारांहून अधिक प्राणिजाती त्यातून उजेडात आल्या. त्यांचे वर्णन छापायला पन्नास खंड लागले.

आजही हे काम कष्टाचेच आहे. जहाजावरून लोखंडी पेटी तारेने खाली सोडतात. ती तळाच्या चिखलाचा एक चौकोनी तुकडा जसाच्या तसा कापून वर आणते. मग तो चिखल बारीक चाळण्यांतून हलक्या हाताने धुतात. चाळणीवर उरतात तांदळाच्या कणीएवढे किडे, शिंपले, कोळंबीचे दूरचे भाऊबंद. एकेक जीव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून वेगळा करायचा, मोजायचा, ओळखायचा. जहाजावरच्या काही आठवड्यांच्या कामाला प्रयोगशाळेत पुढे अनेक वर्षे लागतात.

एका अभ्यासाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याबाहेर दीड ते अडीच हजार मीटर खोलीवरून अशा २३३ पेट्या भरून चिखल वर आणला गेला. त्याचे निष्कर्ष १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. साऱ्या पेट्यांचे क्षेत्रफळ मिळून फक्त २१ चौरस मीटर, म्हणजे चाळीतल्या दोन खोल्यांएवढे. तेवढ्या चिखलात ७९८ जाती सापडल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक जाती विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या! पुढे २००० ते २०१० या दहा वर्षांत ऐंशीहून अधिक देशांतील सुमारे २,७०० शास्त्रज्ञांनी मिळून साऱ्या समुद्रांची जणू शिरगणतीच केली. तिच्या शेवटी त्यांच्या लक्षात आले की जेवढे मोजले त्याहून न मोजलेले कितीतरी जास्त आहे.

येथे आपल्याला पवित्र शास्त्र आठवल्याशिवाय राहत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाचा पहिला आशीर्वाद कुणाला मिळाला? आपल्याला नव्हे. पाचव्या दिवशी पाण्यातल्या जिवांना आणि आकाशातल्या पाखरांना तो मिळाला. फळा, वाढा, समुद्र भरून टाका, अशा अर्थाची आज्ञा त्यांना आधी झाली. मनुष्य अजून निर्माणही झाला नव्हता. ईयोबच्या पुस्तकात देव त्या दुःखी माणसाला विचारतो की तू कधी समुद्राच्या तळाशी फिरून आलास काय? त्याच भाषणात तो अशा रानाचाही उल्लेख करतो जिथे मनुष्यवस्ती नाही, आणि तरीही तिथे पाऊस पडतो. तो पाऊस कुणासाठी? पाहायला कुणी नसतानाही देव देतच असतो. त्याचे औदार्य आपल्या उपस्थितीवर अवलंबून नाही.

मग प्रश्न मिटला असे कुणी म्हणेल. पण तो मिटत नाही, कारण आता त्याला व्यवहाराची धार आली आहे.

ज्या 'चॅलेंजर' जहाजाने जीव वर आणले, त्यानेच बटाट्याच्या आकाराचे काळे गोळेही वर आणले होते. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते. हे गोळे दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. आपल्या देशाच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी असा पहिला गोळा समुद्रातून वर काढला. १९८७ मध्ये मध्य हिंदी महासागरातील क्षेत्र भारताच्या नावे नोंदले गेले. पुढे त्यातील ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र शोधकार्यासाठी आपल्याकडे राहिले. आपल्या शेजारच्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने तिथल्या तळाचा अभ्यास केला आहे. खाणकाम झाले तर काय होईल हे समजावे म्हणून १९९७ मध्ये पाच हजार मीटरांहून अधिक खोलीवर तळाचा एक पट्टा मुद्दाम ढवळून तिथल्या जिवांवर काय परिणाम होतो हे पाहिले गेले.

हे धातू कशाला हवेत? विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या आणि मोबाइलच्या बॅटऱ्यांना. म्हणजे यात निव्वळ हाव आहे असे म्हणता येत नाही. पेट्रोलचा धूर कमी व्हावा, पृथ्वीचे तापणे थांबावे, ही इच्छा चांगलीच आहे. शिवाय आज कोबाल्ट मोठ्या प्रमाणात काँगोतून येते आणि तिथल्या काही खाणींत लहान मुले राबतात. समुद्राच्या तळाशी मुले नाहीत, जंगल नाही, गाव नाही. मग तिथूनच का घेऊ नये? हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगा नाही. काँगोतील त्या लेकराचा विचार न करता केवळ किड्यांचा कैवार घेणे ख्रिस्ती अंतःकरणाला शोभणार नाही.

पण दुसरी बाजूही ऐकू या. १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूच्या किनाऱ्यापासून दूर, चार हजार मीटरांहून खोल अशा तळावर सुमारे ११ चौरस किलोमीटर जागेत नांगर फिरवला. २०१५ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी, पुन्हा जाऊन पाहिले तेव्हा नांगराचे चर काल पडल्यासारखे तसेच होते आणि तिथले जीवन पूर्वपदावर आलेले नव्हते. आपल्या शेतात नांगरलेल्या जमिनीवर एका पावसात गवत येते. तिथे एका पिढीच्या काळातही चर बुजत नाही. शिवाय कित्येक जीव त्या गोळ्यांनाच चिकटून राहतात. गोळा उचलला की त्यांचे घर गेले, आणि ते घर पुन्हा उभे राहायला लाखो वर्षे लागतील.

मग कुणाचे मानावे? प्रभू येशूने चिमण्यांविषयी जे सांगितले ते इथे उपयोगी पडते. बाजारात चिमण्यांना चार पैसेही येत नाहीत, पण त्यांतल्या एकीचाही देवाला विसर पडत नाही, असे प्रभू म्हणाले. आणि लगेच पुढे म्हणाले की तुमचे मोल पुष्कळ चिमण्यांहून अधिक आहे. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. माणसाचे मोल अधिक आहे, यात शंका नाही. पण माझे मोल अधिक आहे याचा अर्थ तुझे मोल शून्य आहे असा होत नाही. घरात थोरल्याचा मान मोठा असतो, म्हणून धाकट्याच्या ताटातले ओढून घेण्याचा हक्क त्याला मिळत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की देवाचे चांगुलपण एवढे मोठे आहे की कोणताही एक प्राणी ते पुरते दाखवू शकत नाही. म्हणून देवाने नाना प्रकारचे जीव घडवले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हाच धागा पुढे नेला. आपल्यामुळे एखादी जात नष्ट होते, तेव्हा देवाचे गौरव करणारा एक आवाज कायमचा बंद होतो आणि तसे करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असा त्यांच्या शिकवणीचा आशय आहे. नाव ठेवण्याआधीच ज्याला पुसून टाकले, त्याचा तर आवाज आपण ऐकलेलाही नसेल.

म्हणून आम्हांला असे वाटते की समुद्राला कधी हातच लावू नये, हा आपला आग्रह नसावा. देवाने आपल्याला मळ्याचे राखणदार केले आहे, आणि राखणदाराने मळ्यातले खाऊ नये असे कुणी म्हणत नाही. पण जे बिघडवल्यावर दुरुस्त करता येते आणि जे येत नाही, या दोहोंत फरक करणे हा साधा विवेक आहे. जे परत येणार नाही त्याला हात घालण्याआधी दहापट धीर हवा, दहापट माहिती हवी. आणि खरोखर गरज आहे का, हेही प्रामाणिकपणे विचारायला हवे. काँगोतल्या मुलाची सुटका नवी खाण उघडल्याने आपोआप होत नाही. त्यासाठी न्याय्य मजुरी आणि शाळा लागते.

बंधुभगिनींनो, हे सारे दूरचे वाटेल. पण आपल्या कपाटात बंद पडलेले किती मोबाइल पडून आहेत? त्यांतही तेच धातू आहेत, आणि ते परत वापरता येतात. जाळ्यात आलेली, बाजारात न खपणारी बारीक पिल्ले आपण किनाऱ्यावर फेकून देतो तेव्हा मनात काय येते? खाडीत टाकलेली प्लॅस्टिकची पिशवी नजरेआड झाली म्हणजे संपली, असे आपण मानतोच ना? एडवर्ड फोर्ब्स यांची चूक अज्ञानातून झाली. आपण तीच चूक सोयीसाठी करतो. जिथे आपली नजर जात नाही तिथे काही नाही, असे समजतो. हीच नजर पुढे माणसांनाही लागते. इस्पितळातला बेवारशी रुग्ण, घरकाम करणारी मुलगी, अजून जन्माला न आलेले बाळ, ही सारी न पाहिलेली माणसे.

पाच हजार लोकांना जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले होते, काही वाया जाऊ नये म्हणून. अफाट देणारा प्रभू तुकड्यांचीही काळजी करतो. त्या चिखलातला कणीएवढा जीव वेगळा करून मोजणारा शास्त्रज्ञ नकळत तेच काम करत असतो.

येत्या रविवारी श्रद्धेची कबुली देताना दृश्य-अदृश्य सृष्टीचा उल्लेख येईल, तेव्हा क्षणभर त्या काळोख्या तळाची आठवण करू या. तिथे कुणीतरी आहे. आपण त्याला ओळखत नाही. पण ज्याने आपल्याला नावाने हाक मारली, तो त्यालाही ओळखतो. एवढे मनात ठेवले तरी आपला हात थोडा जपून पुढे जाईल.