विजेची समाधी

शके 1219 च्या वैशाख वद्यात तापीच्या काठी, मेहूणच्या परिसरात विजेचा लोळ उठला आणि त्या तेजात मुक्ताबाई दिसेनाशी झाली, असे वारकरी परंपरा सांगते. म्हणजे ज्ञानदेवांची समाधी आळंदीला, सोपानदेवांची सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरी, आणि या तिघांच्या धाकट्या बहिणीची मात्र अशी की जिच्याखाली देह नाही, अस्थी नाहीत, केवळ एक स्थळ आहे आणि त्या स्थळी आकाश क्षणभर भूमीला भेटले एवढीच स्मृती आहे. बोदवडकरांना हे सारे शेजारचे. पूर्वीचे एदलाबाद, आजचे मुक्ताईनगर, हा आमच्या लगतचा तालुका. आणि रोहिणी-मृगात वीज पडून झाडाखाली बांधलेला बैल जातो तेव्हा तलाठ्याने पंचनाम्याला यायचे असते, हे व्यवहारज्ञान ज्याला आहे त्याच शेतकऱ्याला त्याच विजेने एका अठरा वर्षांच्या मुलीला मुक्त केले हे सांगताना कोणतीही विसंगती वाटत नाही. भयाचा आणि कृपेचा उगम एकच असतो, हे तत्त्व त्याने ग्रंथातून घेतलेले नाही. ते त्याच्या शिवारात दरसाल घडते.

या समाधीचे स्मरण मला वॉल्टर डी मारिया या अमेरिकन शिल्पकाराच्या एका कृतीविषयी वाचताना तीव्रतेने झाले. न्यू मेक्सिकोच्या उंच ओसाड पठारावर त्याने 1977 साली एक मैल लांब आणि एक किलोमीटर रुंद अशा क्षेत्रात पोलादाचे 400 लखलखीत खांब मोजणीदाराच्या काटेकोरपणाने उभे केले आणि कृतीला नाव दिले ‘लाइटनिंग फील्ड’, विजेचे शेत. पाहणाऱ्याने तेथे रात्रीचा मुक्काम करावा, छायाचित्रे घेऊ नयेत, नुसते थांबावे, असा दंडक आहे. आणि मौज अशी की वीज त्या खांबांवर क्वचितच उतरते. म्हणजे मनुष्याने आसन मांडले, आवाहन केले, पण देवता येईलच याची हमी कोणी घेतली नाही. आपल्याकडील पूजाविधी ज्याने समजून घेतला आहे त्याला या योजनेत परके असे काही भासू नये. तथापि एक भेद दिसतो आणि तो लहान नाही. डी मारियाने प्रथम खांब रोवले व नंतर विजेची वाट पाहिली. तापीकाठी प्रथम वीज आली आणि नंतर शतकानुशतके माणसे येत राहिली. एकीकडे स्थळ योजलेले आहे, दुसरीकडे ते ओळखलेले आहे.

गेल्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकांत पाश्चात्त्य देशांतील काही कलावंत चित्रशाळा आणि संग्रहालये यांना विटून थेट माळरानात, वाळवंटात, सरोवरात काम करू लागले, आणि त्या प्रकाराला ‘लँड आर्ट’ किंवा भूमिकला हे नाव पडले, हे कलेच्या अभ्यासकांस विदित आहे. माझा प्रश्न कलेचा नाही, धर्माचा आहे. भूमीच्या अंगावर खूण करण्याचा अधिकार मनुष्यास मुळात पोहोचतो काय? अथर्ववेदाच्या बाराव्या कांडातील भूमिसूक्ताचा ऋषी या प्रश्नाने व्याकुळ झालेला दिसतो. खणणे त्याला टळत नाही, परंतु जेथे मी खणतो तेथे सत्वर भरून यावे आणि माझा घाव तुझ्या मर्मापर्यंत जाऊ नये, अशा आशयाची याचना तो पृथ्वीपाशी करतो. सकाळी उठून पाय जमिनीला लावण्यापूर्वी तिची क्षमा मागणारी आपली आजी त्याच ऋषीच्या वंशातली. ही भूमिका स्वीकारली तर चालणे हाही एक किंचित अपराध ठरतो, आणि मग नांगर, विहीर, खाण, धरण यांची गणना कोठे करावयाची?

मायकेल हायझर या कलावंताने 1969 साली नेवाडातील एका पठाराच्या कडा समोरासमोर कापून सुमारे दोन लक्ष चाळीस हजार टन खडक दरीत ढकलला आणि त्या रिकाम्या चरांनाच ‘डबल निगेटिव्ह’ असे शिल्प म्हटले. हे वाचून नाक मुरडण्याची घाई करणाऱ्याने अजिंठ्याचा डोंगर ओलांडून वेरूळला जावे. आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या आमदानीत तेथे कैलास लेणे वरून खाली कोरत नेले, आणि त्यासाठी काढलेल्या दगडाचा अंदाज सुमारे दोन लक्ष टनांचाच सांगतात. वजनाच्या काट्यावर दोन्ही कृत्ये जवळजवळ सारखी. मग एकास तीर्थ म्हणावे आणि दुसऱ्यास उपद्व्याप, यास आधार काय? एक उत्तर असे की तेथे शिवाची प्रतिष्ठा झाली. पण प्रतिष्ठेने घाव भरून येतो असे मानणे म्हणजे दंड भरून गुन्हा धुण्यासारखेच आहे, आणि ते मला पटत नाही. मला अधिक मोलाचा वाटतो तो बडोद्याला मिळालेल्या नवव्या शतकाच्या आरंभीच्या कर्कराजाच्या ताम्रपटातील उल्लेख. त्या लेखात असे वर्णिले आहे की हे मंदिर पाहून देवांना तर आश्चर्य वाटलेच, परंतु ज्याने ते घडविले तो शिल्पीही, हे माझ्या हातून कसे झाले, म्हणून चकित झाला. राजाच्या दानपत्रात, जेथे प्रत्येक शब्द मालकीचा असतो, तेथे कर्त्याने कर्तृत्व अंगावरून झाडून टाकल्याची ही नोंद राहून गेली आहे. त्या शिल्प्याचे नाव मात्र लेखात नाही. हायझरविषयी मी निंदेचा शब्द काढणार नाही. त्याच्या चरांत उभे राहणाऱ्यास पर्वताच्या अभावातून पर्वताचे भान येत असेलही. परंतु खणणाऱ्याला स्वतःच्या खणण्याचा विस्मय वाटला की अभिमान, यावर त्या घावाचे पुण्यपाप ठरते असे माझे मत आहे.

रॉबर्ट स्मिथसनने यूटामधील खाऱ्या सरोवरात 1970 साली काळ्या बेसॉल्टचा, म्हणजे आमच्या दख्खनच्या काळ्या पाषाणाच्याच जातीच्या दगडाचा, दीड हजार फूट लांबीचा आवर्त रचला. त्या जागेचा भाडेपट्टा त्याने सरकारातून रीतसर घेतला होता, कारण वाळवंटात गेले म्हणून दफ्तर पाठ सोडते असे नाही. पुढे पाणी चढले, कृती बुडाली, आणि तीसेक वर्षांनी ओहोटीत मिठाने पांढरी होऊन वर आली. तापी-पूर्णेच्या संगमाचेही रूप हतनूर धरणाच्या फुगवट्याने पालटले आहे. पण तेथे पाणी चढविण्याचा निर्णय निसर्गाचा नव्हता, आणि काठचे चांगदेवाचे प्राचीन मंदिर हा पालट मुकाट्याने पाहत आहे.

या सर्वांहून मला धर्माच्या निकट वाटतो तो रिचर्ड लाँग हा इंग्रज. 1967 साली तो एका कुरणात एकाच रेषेवरून येरझाऱ्या घालीत राहिला, गवत दबून पायवाट उमटली, तिचे त्याने एक छायाचित्र घेतले, आणि कृती संपली. न खणणे, न रोवणे. चार दिवसांत गवताने मान वर केली असेल. हाच लाँग पुढे आपल्याकडे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूकडच्या वारली मुलुखात आला आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांच्या चित्रांसह त्याची कामे 2003 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फला एकत्र मांडली गेली. म्हशे ज्या परंपरेतून आले तीत सुवासिनींनी लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहावयाचा, कार्य उरकले की भिंत पुन्हा सारवली जावयाची. जतन करण्याची कल्पनाच तेथे नव्हती. दोघांची भेट कोण्या चाणाक्ष माणसाने घडविली असेल, परंतु ती अकारण नव्हती.

मुक्ताईची पालखीही ज्येष्ठात मुक्ताईनगराहून निघून विदर्भाची कड आणि मराठवाडा ओलांडीत पंढरीला जाते, आणि जाता जाता सहस्रावधी पावलांची एक रेषा भूमीवर उमटवून पहिल्या जोराच्या पावसाला ती परत करते. या रेषेचा खातेदार कोणी नाही, सातबाऱ्यावर तिची नोंद नाही, वहिवाट मात्र अबाधित आहे. आषाढ संपता संपता त्याच मातीत कपाशीची रोपे डोलत असतात. हरतालिकेला वाळूची पिंड करून दुसऱ्या दिवशी ती पाण्यात सोडणाऱ्या, भाद्रपदी पौर्णिमेला बसविलेल्या गुलाबाईला कोजागरीनंतर निरोप देणाऱ्या खानदेशातील मुलीबाळींना विसर्जनाचे तत्त्वज्ञान कोणी शिकवावे लागत नाही. ते पुरुषांना आणि विश्वस्त मंडळांना शिकवावे लागते.

कारण आमच्या शिवारात आता निराळाच ओघ सुरू आहे. विहिरीच्या काठी किंवा ओढ्यालगत सात धोंडे मांडून, त्यांना शेंदूर लावून साती आसरा म्हणून पुजण्यात भूमीला एकही घाव नव्हता. दगड तिचाच, पाणी तिचेच, माणसाचे काय ते बोटभर शेंदूर. त्यांच्याभोवती आज सिमेंटचा ओटा येतो, मग चकचकीत फरशी, मग लोखंडी जाळी, आणि शेवटी देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी, जी आसरांपेक्षा मोठी असते. हे भक्तीने होते याविषयी मला शंका नाही. पण नावाची पाटी बसली की ते धोंडे भूमीचे राहत नाहीत, कमिटीचे होतात. वेरूळच्या अनामिक शिल्प्याने जे टाळले ते आपण वर्गणी काढून करतो. तेव्हा बोदवड तालुक्यातील कोणत्याही गावच्या ग्रामसभेपुढे आसरांच्या जीर्णोद्धाराचा ठराव आला, तर वाचकांनी हात वर करून तो नामंजूर करावा, आणि जमलेली रक्कम त्याच विहिरीचा गाळ काढण्याकडे वळवावी.