झाकलेली दंतचक्रे

चुकीचा विचार करताना माणसाच्या मनासमोर बहुधा अशी सामग्री असते, की जी झालेली चूक विसरत नाही. पाथरवटाची छिन्नी जरा अधिक चालली तर दगड भरून येत नाही. शिंप्याने कापलेले कापड पुन्हा अखंड होत नाही. भट्टीतून निघालेल्या मडक्याची वाकडी कड सरळ करता येत नाही. या सामग्रीने माणसाला सावधपणा शिकवला, त्याचबरोबर एक सवलतही दिली. जी चूक परत फिरवता येत नाही, ती सोसण्याखेरीज गत्यंतर नसते. आणि जे सोसावेच लागते, त्याचा दोष हळूहळू कर्त्याकडून दैवाकडे सरकतो. परंतु जिच्यात केलेली प्रत्येक चूक पूर्णपणे मागे घेता येते अशी सामग्री हाती आली, तर या सवलतीचे काय होते? प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. त्याचा विचार करण्यासाठी मात्र एका खेळण्याचा आधार पुरेसा होईल.

डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियनसेन या सुताराने 1932 मध्ये लाकडी खेळणी बनवण्यास प्रारंभ केला. 'चांगले खेळा' या अर्थाच्या डॅनिश शब्दांपासून 'लेगो' हे नाव तयार झाले. 1949 पासून तेथे प्लॅस्टिकचे ठोकळे होऊ लागले आणि 28 जानेवारी 1958 रोजी ओले यांचे पुत्र गॉटफ्रेड यांनी ठोकळ्याच्या आजच्या रूपाच्या एकस्वासाठी अर्ज केला. वरच्या बाजूला खुंट्या आणि आतल्या पोकळीत नळ्या, अशी ही रचना. एका ठोकळ्याच्या खुंट्या दुसऱ्याच्या नळ्यांमध्ये घट्ट बसतात. दोघांना धरून ठेवते ते केवळ घर्षण. त्यापूर्वी, 1901 मध्ये, इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी पुढे 'मेकॅनो' या नावाने प्रसिद्ध झालेल्या धातूच्या पट्ट्यांच्या खेळाचे एकस्व घेतले होते. तेथे हेच काम स्क्रू आणि चाक्या करीत. दोन्ही खेळांत डिंकाला स्थान नाही, आणि त्यांचे वेगळेपण नेमके येथे आहे. जोडणे आणि सोडवणे या दोन्ही क्रियांना त्यांनी समान दर्जा दिला. आठ खुंट्यांचे एकाच रंगाचे सहा ठोकळे घेतले, तर ते 91,51,03,765 प्रकारांनी जोडता येतात, असे गणिताने दाखवले आहे. यांपैकी कोणताही प्रकार अंतिम नसतो, कारण प्रत्येक रचनेतून बाहेर पडण्याची वाट तिच्यातच ठेवलेली असते.

या ठोकळ्यांची यांत्रिक रचनांसाठीची वेगळी मालिका 1977 मध्ये आली. पुढे 'टेक्निक' हे नाव मिळालेल्या याच मालिकेत 2018 मध्ये 'बुगाटी शिरॉन' या स्पोर्ट्स कारची प्रतिकृती प्रसिद्ध झाली. तिचे प्रमाण एकास आठ, सुट्या तुकड्यांची संख्या 3,599 आणि तयार झालेल्या मोटारीची लांबी सुमारे 56 सेंटिमीटर. मूळ मोटार फ्रान्समधील मोलसेम येथे तयार होत असे. तिच्या आठ लिटरच्या इंजिनात सोळा सिलिंडर होते आणि अशा पाचशेच मोटारी तयार करण्यात आल्या. प्रतिकृतीतही सोळा दट्टे वरखाली होतात, सुकाणू फिरवले की पुढची चाके वळतात आणि चालकाच्या हाताशी असलेल्या कळीने आठ गिअर क्रमाने बदलतात. बांधणीचा क्रमही कारखान्यासारखा ठेवलेला आहे. मागचा भाग वेगळा, पुढचा भाग वेगळा, आणि मग दोहोंचा सांधा. मोटारींच्या कारखान्यांत अशा सांध्याला 'विवाह' असे म्हणतात.

या क्रमाचा एक परिणाम लक्षात घेण्याजोगा आहे. सर्वांत गुंतागुंतीचा भाग, म्हणजे गिअरबॉक्स, आधी तयार होतो आणि सर्वांत आधी झाकलाही जातो. त्यावर सांगाडा चढतो, इंजिन बसते, आसने येतात आणि शेवटी निळ्या रंगाचे कवच. पाहणाऱ्याच्या वाट्याला कवच येते. दंतचक्रे फक्त बांधणाऱ्याला माहीत असतात.

आता असे समजावे, की कोणी एकाने बऱ्याच संध्याकाळी खर्चून ही मोटार पूर्ण केली. गिअर निवडणारा एक बोटाच्या पेराएवढा तुकडा मात्र पाव फेरी चुकीच्या दिशेने बसला. मोटार दिसण्यात काहीही उणे नाही. टेबलावरून ढकलली की चाके फिरतात, दट्टेही हलतात. परंतु गिअर बदलत गेले असता दट्ट्यांचा वेग पायरीपायरीने उतरायला हवा, तो मध्येच चढतो आणि मग पुन्हा उतरतो. क्रम बिघडलेला आहे. हे ज्याने बांधले त्याच्याच ध्यानात येते, कारण काय पाहायचे ते त्यालाच ठाऊक असते. दुरुस्तीसाठी कवच, आसने, इंजिन हे सारे उतरवून पहिल्या दिवसाच्या कामापर्यंत मागे जावे लागेल. त्याने जावे काय?

पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. नीतीचा संबंध परपीडेशी असतो. पुलाच्या खांबात सिमेंट कमी घालणारा ठेकेदार दोषी ठरतो, कारण त्या पुलावरून माणसे जाणार असतात. या मोटारीतून कोणीही प्रवास करणार नाही. तिचा गिअर चुकला म्हणून कोणाचे नखही दुखावणार नाही. जेथे पीडित नाही तेथे अपराध कसला? फार तर कारागिरीतील उणीव म्हणावी आणि विषय संपवावा.

या आक्षेपाला उत्तर देण्यापूर्वी ही मोटार म्हणजे नेमके काय आहे हे ठरवावे लागते, आणि त्यासाठी भारतीय विचारपरंपरेतील एक जुना वाद उपयोगी पडतो. 'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक वंशाच्या मिलिंद राजाला त्याच्याच रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? प्रत्येक वेळी राजाला नकार द्यावा लागतो. आणि हे सर्व भाग सोडून वेगळा रथ दाखवावा, तर तोही सापडत नाही. या भागांच्या आश्रयाने 'रथ' हे नाव व्यवहारात येते, एवढाच निष्कर्ष उरतो. न्याय-वैशेषिकांना हे मान्य नव्हते. तंतूंपासून विणलेले वस्त्र हे तंतूंहून वेगळे द्रव्य आहे, अवयवांहून अवयवी निराळा आहे, असे त्यांचे प्रतिपादन.

ठोकळ्यांची मोटार या वादाला एक प्रत्यक्ष उदाहरण पुरवते. खोके उघडून 3,599 तुकडे टेबलावर ओतले, तेव्हा सर्व अवयव हजर असतात. मोटार मात्र नसते. जुळणी पूर्ण झाल्यावर त्यात एका तुकड्याचीही भर पडलेली नसते. मोटार मात्र असते. मध्ये काय आले? केवळ परस्परसंबंध. हा संबंध म्हणजे नावापुरता व्यवहार की स्वतंत्र वस्तू, हा वाद येथे मिटवण्याची आवश्यकता नाही. दोन्ही पक्षांना एक गोष्ट मान्य करावी लागेल, की तुकडे संबंधांत आल्याखेरीज मोटार नाही. मग पाव फेरी चुकलेला तुकडा ही 'एका तुकड्याची' चूक राहत नाही. तुकडा निर्दोष आहे. चूक आहे ती संबंधात, म्हणजे ज्यामुळे ती मोटार झाली त्यातच.

प्रतिकृतीच्या बाबतीत याला आणखी एक परिमाण आहे. खुर्ची कोणाविषयी काही सांगत नाही, प्रतिकृती सांगते. 'त्या यंत्रात हे असे चालते' हे विधान ती आपल्या सबंध रचनेतून करीत असते. विधान आले की खरे-खोटे आले. तरीही येथे एक अडचण उभी राहते. मूळ शिरॉनच्या गिअरबॉक्समध्ये सात गिअर होते. प्रतिकृतीच्या रचनाकारांनी आठ ठेवले. मूळ मोटारीत इंजिन चाकांना फिरवते. प्रतिकृतीत हाताने ढकललेली चाके इंजिनाला फिरवतात. म्हणजे कार्यकारणाची दिशाच उलटी. इतके सारे खपवून घेतल्यावर बांधणाऱ्याच्या पाव फेरीचेच एवढे कौतुक कशासाठी?

कारण तडजोड आणि लपवणूक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठ गिअर आहेत हे रचनाकार उघडपणे सांगतो. इंजिन ढकलण्याने फिरते हे लहान मुलालाही दिसते. प्रमाण लहान करताना काय राखायचे आणि काय सोडायचे याची ती जाहीर निवड आहे. प्रत्येक प्रतिकृतीला, किंबहुना प्रत्येक कथनाला, अशी निवड करावीच लागते. आकार मोठा केल्यानेही ती टळत नाही. त्याच 2018 साली दहा लाखांहून अधिक तुकडे जोडून याच मोटारीची पूर्णाकृती, माणूस बसून चालवू शकेल अशी प्रतिकृती तयार झाली. तिच्या जोडणीत डिंक नव्हता. तिला 2,304 छोट्या मोटरी फिरवत होत्या आणि तिचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या थोडा वर गेला. प्रमाण एकास एक झाले, तरी ती प्रतिकृतीच राहिली. राखले काय आणि सोडले काय हे सांगितलेले होते, म्हणून ती खोटी ठरली नाही. चुकलेल्या गिअरविषयी मात्र कवच गप्प असते, आणि ते गप्प राहील या भरवशावरच बांधणारा हात झटकतो.

येथे सुरुवातीच्या प्रश्नाकडे परतता येते. पाथरवट म्हणू शकतो, की दगड परत भरता आला असता तर भरला असता. ठोकळ्यांनी बांधणाऱ्याला असे म्हणता येत नाही. त्याच्यापुढे 'अशक्य' हा शब्दच नाही; आहे तो 'कंटाळवाणे' हा शब्द. त्याची चूक पहिल्या क्षणी अपघात होती. ती कळल्यानंतर आणि उलगडता येते हे ठाऊक असताना जी राहते, ती अपघात नसते. तो निर्णय असतो. सामग्रीने त्याला जितके अधिक स्वातंत्र्य दिले, तितकी त्याची जबाबदारी वाढली. परत फिरण्याची मोकळीक पुष्कळदा सैलपणाची परवानगी मानली जाते. वस्तुतः ती अधिक कठोर आहे, कारण ती दैवाची सबब काढून घेते.

याचा अर्थ प्रत्येकाने प्रत्येक मोटार उलगडलीच पाहिजे असा नव्हे. निर्दोषतेचा हव्यासही अहंकाराचेच एक रूप असू शकतो. थकलेला माणूस ती तशीच ठेवू शकतो आणि पाहायला आलेल्या शेजारच्या मुलाला सांगू शकतो, "याचा तिसरा गिअर दुसऱ्याच्या जागी येतो, माझी चूक झाली." एवढ्याने ती मोटार पुन्हा खरी होते, कारण तिचे विधान आणि तिची रचना यांच्यातील अंतर उघड झालेले असते. मागणी निर्दोषतेची नाही. निर्णयाला निर्णय म्हणण्याची आहे.

आयुष्याची सामग्री बहुतांशी दगडाचीच आहे. गेलेला जीव परत येत नाही, सरलेले बालपण परत येत नाही, आणि या बाबतीत सोसण्याखेरीज खरोखरच मार्ग नसतो. परंतु माणूस ज्यांना दगडाच्या चुका म्हणतो, त्यांतील कितीतरी ठोकळ्यांच्या असतात. दप्तरात पडलेली चुकीची नोंद, घाईत एखाद्यावर ठेवलेला ठपका, भावाभावांतील एका गैरसमजावर वर्षानुवर्षे चढत गेलेले अबोल्याचे मजले, यांपैकी काहीही घट्ट चिकटलेले नसते. ते घर्षणाने आणि सवयीने धरून राहिलेले असते. उलगडायचे म्हटले तर वरचे पुष्कळ काही उतरवावे लागते, पूर्ण झालेले अपूर्ण करावे लागते आणि लोकांसमोर ते पसाऱ्याच्या रूपात काही काळ मांडून ठेवावे लागते. या कष्टालाच माणूस 'आता काय उपयोग' असे नाव देतो.

चूक पीडारहित असेल तर ती नीतीच्या कक्षेत येते काय, हा पहिला आक्षेप होता. येते, ती या मार्गाने. टेबलावरच्या मोटारीने कोणालाच इजा होत नाही. परंतु कळलेली आणि दुरुस्त होण्याजोगी चूक झाकून ठेवण्याची सवय ज्या हाताला लागते, तो हात खेळण्यापुरता वेगळा नसतो. तोच दप्तरातील नोंद करतो, तोच पुलाच्या खांबापाशीही उभा असतो.

म्हणून, एखाद्या रात्री कोणी पूर्ण झालेल्या मोटारीचे निळे कवच शांतपणे उतरवताना दिसला, तर त्याला छांदिष्ट म्हणण्याची घाई करू नये. एकेक तुकडा ओळीने मांडत तो पहिल्या दिवसाच्या कामापर्यंत जातो, तो बोटाच्या पेराएवढा तुकडा पाव फेरी फिरवतो आणि पुन्हा सारे चढवू लागतो. काम संपते तेव्हा मोटार बाहेरून अगदी पूर्वीसारखीच दिसते.