वेल्सचे देणे

वाङ्मयातले ऋण मोठे चमत्कारिक असते. सावकाराचे कर्ज फेडता येते. ज्याने आपल्याला लिहिते केले त्याचे कर्ज नुसते मान्य करता येते. माझ्या कादंबऱ्या खेड्यातल्या. त्यांत यंत्र आलेच तर विहिरीवरचे इंजिन. तरीही आवडता लेखक कोण, असे विचाराल तर मी एच. जी. वेल्सचे नाव घेतो, आणि ऐकणारा हसतो. मंगळावरचे प्राणी आणि आमचा पाटील यांचा संबंध काय?

संबंध आहे. १८९७ साली वेल्सने अदृश्य माणूस निर्माण केला. निसर्गाकडून त्याने तेवढीच सूट घेतली. पुढे सगळा रोकडा व्यवहार. कपडे दिसतात म्हणून बिचाऱ्याने ऐन हिवाळ्यात उघडे हिंडायचे. खाल्लेले अन्न पचेपर्यंत पोटात दिसायचे. चिखलात पावले उमटायची. ही शिस्त मी उचलली. गावातल्या कवडीचुंबकाने एके सकाळी घर दान केले, एवढे वाचक मानील. पण त्या रात्री त्याच्या बायकोने चूल कुठे मांडली, हे मला सांगावेच लागते.

हे झाले कसब. खरे देणे निराळे आहे. १८९८ साली ब्रिटिश साम्राज्य ऐन भरात असताना वेल्सने मंगळवासीयांची स्वारी इंग्लंडवर आणली. स्वतः जिथे राहिला होता त्या वोकिंगजवळच्याच माळावर त्यांना उतरवले, लंडन शहराला पळायला लावले. आणि पहिल्याच प्रकरणात वाचकाला बजावले, की त्यांना क्रूर म्हणण्याआधी टास्मानियाच्या मूळ रहिवाशांचे आपण काय केले ते आठवा. जेत्याला जिताच्या जागी उभे करण्यासाठी त्याला मंगळ लागला. मला तो लागत नाही. सावकार रंगवण्याआधी मी त्याला मनातल्या मनात दुसऱ्याच्या ओसरीवर हात पसरून बसवतो. मगच लेखणी उचलतो.

वेल्सचे सगळेच मी घेतलेले नाही. पुढे पुढे त्याच्यातला उपदेशक कथाकाराला गप्प बसवू लागला. तोही काही काळ शाळामास्तर होता. ती खोड आम्हा मास्तरांना लवकर जडते. आवडत्या लेखकाकडून सावध राहायलाही शिकावे.

मग हे घेणे चोरी की वारसा? माझ्या वर्गात याचा निवाडा रोज होतो. शेजाऱ्याच्या पाटीवरचे उत्तर उतरवणाऱ्याचा मी कान धरतो. त्याची रीत समजून घेऊन आपले गणित सोडवणाऱ्याची पाठ थोपटतो. गणित मात्र आपले असावे लागते.