साहित्य : एक बेडूक

शालेय प्रयोगवहीची रचना ठरलेली असे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष अशी पाच शीर्षके अधोरेखित करायची आणि त्यांखाली फळ्यावरील मजकूर उतरवून घ्यायचा. १९७५ साली, तालुक्याच्या गावातील मराठी शाळेत दहावीत शिकत असताना, जीवशास्त्राच्या वहीत ‘साहित्य’ या शीर्षकाखाली मी लिहिले होते : बेडूक, मेण ओतलेला ट्रे, कात्री, चिमटा, टाचण्या, कापूस, क्लोरोफॉर्म. पुढे साहित्य हाच माझ्या अध्ययनाचा आणि उपजीविकेचा विषय झाला. हा शब्द ‘सहित’पासून आला, त्याच्या मुळाशी सोबत असण्याची कल्पना आहे, असे वर्गात सांगताना मला त्या यादीतील पहिला शब्द अनेकदा आठवला आहे. ज्याच्या सोबतीने आपण जगाकडे पाहतो तेही साहित्य आणि जे वापरून टाकून द्यायचे तेही साहित्यच. या दोन अर्थांमध्ये जे नैतिक अंतर आहे, त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आमचे विज्ञानाचे शिक्षक मायाळू होते. वर्गात चिमणी शिरली तर आधी पंखा बंद करायला लावणारे. त्यांनी बेशुद्ध केलेला बेडूक ट्रेमध्ये उताणा ठेवला, चारी पाय टाचण्यांनी मेणात रोवले, पोटावरील कातडी मधोमध कापून दोन्ही बाजूंना सारली. छातीचे हाड कापल्यावर हृदय दिसले. ते चालू होते. बेडकाच्या हृदयाचे स्पंदन हृदयाच्या स्नायूतूनच उमटते, मेंदूशी असलेला संबंध तुटल्यावरही ते काही काळ थांबत नाही, हे सरांनी समजावून सांगितले. कोणी हसले, एका मुलीने मान फिरवली. मी पाहत राहिलो. मला त्या क्षणी दया आली नाही, विस्मय वाटला, हे कबूल केले पाहिजे. नंतर मी नामनिर्देशित आकृती काढली, तिला दहापैकी नऊ गुण मिळाले आणि निष्कर्षाखाली मी लिहिले की बेडकाचे हृदय तीन कप्प्यांचे असते. हा निष्कर्ष पाठ्यपुस्तकात आधीच छापलेला होता.

या प्रसंगात काही अनुचित घडले काय? केवळ हळवेपणाने या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. आमच्या घरी मासे खाल्ले जात. शेतकरी पिकावरील कीड मारतो. रोगांवरील कित्येक औषधांच्या मागे प्राण्यांवरील प्रयोगांचा इतिहास आहे. बेडकाचेच उदाहरण घ्यावयाचे तर, १९२१ साली ऑटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकाची दोन हृदये वेगळी काढून स्पंदत ठेवली, एकाची गती कमी करणारी मज्जा उद्दीपित केली आणि त्या हृदयातील द्रव दुसऱ्या हृदयाला दिला. दुसऱ्याचीही गती मंदावली. मज्जातंतूंचा संदेश रासायनिक पदार्थांच्या द्वारे पोहोचतो, हे त्यातून सिद्ध झाले आणि १९३६ साली हेन्री डेल यांच्यासमवेत लोवी यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते बेडूक मेले नसते तर मानवजातीला एक गोष्ट त्या वेळी कळली नसती. आमचा बेडूक मेला नसता तर काय कळले नसते?

हा भेद माझ्या कल्पनेतील नव्हे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा भारतीय कायदा १९६०चा आहे. नव्या ज्ञानाच्या शोधासाठी केलेल्या प्रयोगांना तो आडकाठी करीत नाही. परंतु जेथे पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी शिकवण्याचे काम भागण्यासारखे असेल तेथे प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत, आणि केवळ हस्तकौशल्य मिळविण्यासाठी ते शक्यतो करू नयेत, अशी दृष्टी त्याच्या तरतुदींत स्पष्टपणे दिसते. आमच्यासमोर तो ट्रे आला तेव्हा हा कायदा पंधरा वर्षांचा झाला होता.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. जगाला जुने असलेले ज्ञान विद्यार्थ्याला नवेच असते. छापील आकृती पाहणे आणि स्पंदणारे हृदय पाहणे यांत फरक आहे; माझा विस्मय हाच त्याचा पुरावा. शल्यविशारदाला तरी प्रत्यक्ष शरीराविना कसे शिकता येईल? आक्षेपात तथ्य आहे. परंतु वैद्यकाच्या विद्यार्थ्यासमोर येणाऱ्या देहांपैकी पुष्कळ देह कोणीतरी जाणतेपणी दिलेले असतात. देहदानाचा विषय निघाला की आपण दधीचीचे नाव घेतो, कारण त्याने अस्थी स्वतः होऊन दिल्या. बेडूक दधीची नव्हता. त्याला विचारता येत नव्हते, त्याला नाकारताही येत नव्हते. ज्याची संमती मिळणे अशक्य आहे त्याचा प्राण घेताना आवश्यकता सिद्ध करण्याचे ओझे घेणाऱ्यावर पडते. माझा विस्मय खरा होता. पण तो एका प्राणाच्या मोलाचा होता काय, हे त्या वर्गात कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही.

कान्टने प्राण्यांविषयीची कर्तव्ये अप्रत्यक्ष मानली : जो प्राण्यांशी निष्ठुर होतो तो माणसांशीही होतो, म्हणून निष्ठुर होऊ नये. या विचाराने आमच्या वर्गाची हानी मोजता येते, बेडकाची नाही. तरीही ती पहिली हानी लहान नव्हती. प्रयोगवहीतील ‘कृती’ आठवा : बेडूक ट्रेमध्ये ठेवला जातो, कातडी कापली जाते, हृदय उघडे केले जाते. या वाक्यांत कर्ता नाही. जिथे कर्ता नाही तिथे उत्तरदायी कोणी नाही. मी त्या दिवशी जीवशास्त्रापेक्षा हे व्याकरण अधिक पक्केपणी शिकलो, असे आज वाटते.

आणि जीवशास्त्र तरी कितीसे शिकलो? त्या बेडकाच्या जातीतील नर पहिल्या पावसात पिवळाधमक होतो, साद घालताना त्याच्या गळ्यालगतच्या निळ्या पिशव्या फुगतात. शाळेमागे पावसाळी डबके होते. तेथे तासभर बसून पाहा आणि लिहा, असे आम्हाला एकदाही सांगितले गेले नाही. शरीरशास्त्राला विच्छेदन लागत असेल. पण ज्या विषयाच्या नावातच जीव आहे, त्याची सुरुवात जीव जाण्यापासून व्हावी, हे विपरीत होते. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, तीही मुख्यतः बेडूक पिकांवरील किडे खातो म्हणून. त्याला वाचवतानाही आपण त्याचा उपयोगच मोजला.

पुढे परिस्थिती बदलली. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून ते थांबविण्याचा निर्देश दिला. संगणकाच्या पडद्यावर आता बेडूक उघडता येतो आणि पुन्हा मिटवताही येतो. हा बदल मला योग्य वाटतो. मात्र जे पुन्हा मिटवता येते त्यापाशी काही गमावल्याची जाणीव उरत नाही. विद्यार्थ्याच्या हातून हिंसा टळली. पण आपले ज्ञान किती प्राणांच्या आधारावर उभे आहे, हेही त्याच्या दृष्टीआड झाले तर त्याचे निरागसपण अज्ञानाचेच ठरेल. पडद्यावरील आकृतीच्या रेषा ज्यांच्यावरून काढल्या गेल्या, ते बेडूक खरे होते.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात ऋणनिर्देशाची तीन पाने आहेत. मार्गदर्शक, ग्रंथपाल, टंकलेखक, इतकेच काय, ज्या स्नेह्यांकडे दोन दिवस मुक्काम केला त्यांचीही नावे तिथे आढळतील. प्रयोगवहीत मात्र पाचच शीर्षके होती, आणि ऋणनिर्देश हे सहावे शीर्षक आखायला आम्हाला कोणी सांगितले नाही. ती वही आज माझ्यापाशी नाही. असती तर ‘साहित्य’ या शीर्षकाखालील पहिला शब्द खोडून मी तो तिथे लिहिला असता.