मोजून दिलेले इंटरनेट

अमेरिकेत कॉमकास्ट कंपनीने ऑक्टोबर २००८ मध्ये घरगुती ग्राहकांवर महिन्याला २५० जीबीची मर्यादा घातली. पुढे जादा वापराला जादा पैसे आले. थोड्यांच्या हावरेपणाची झळ इतरांना नको, हे कारण. ऐकायला न्याय्यच! पण विहिरीचे पाणी आज वाचवले तर उद्या उरते. इंटरनेटच्या तारेतली रात्रीची रिकामी जागा सकाळसाठी उरत नाही. गर्दी संध्याकाळच्या काही तासांची, मोजमाप मात्र महिन्याचे. मग पहाटे वापरणारा कुणाचे हिरावून घेतो? मार्च २०२० मध्ये करोनामुळे घराघरांत शाळा भरल्या, वापर वाढला, आणि नेमकी तेव्हाच कंपनीने काही महिने मर्यादा उठवली. तर मग जागा खरोखर अपुरी होती का, असे आम्ही विचारतो. आणि मोठ्या कुटुंबाने, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घराने जास्त का भरावे?