आकडा कुणाचा?

अण्णांच्या रक्ताचा रिपोर्ट माझ्या फोनवर यायचा.

दोन वर्षांपूर्वी तासगावच्या लॅबमध्ये पहिल्यांदा नाव नोंदवताना काउंटरवरच्या मुलीनं मोबाइल नंबर विचारला आणि मी माझा सांगून टाकला. अण्णा शेजारीच उभे होते. त्यांच्याकडेही फोन आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, दिवसभर भजनांचे व्हिडिओ पाठवत असतात. तरी त्यांना विचारावं असं मला वाटलं नाही. तेव्हापासून दर महिन्याला पुण्यात बसून मी पीडीएफ उघडायचो, आकडे शीटमध्ये भरायचो, आलेख बघायचो आणि मग अण्णांना फोन करून सांगायचो, "सगळं चांगलंय."

अण्णांना मल्टिपल मायलोमा आहे. हा अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. या पेशींचं काम अँटिबॉडी बनवण्याचं. बिघडल्या की त्या एकाच छापाचं निकामी प्रथिन बेसुमार बनवत सुटतात. त्या प्रथिनाचे 'लाइट चेन' नावाचे छोटे तुकडे किडनीत गाळले जातात आणि तिथल्या बारीक नलिकांमध्ये किडनीच्याच एका प्रथिनाला चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. नलिका तुंबतात. अण्णांचा आजार कळला तोच असा. कंबर दुखते म्हणून ते कित्येक महिने दुखण्याच्या गोळ्या खात होते. एकदा पायांना सूज आली, रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन ३.२.

मग बोर्टेझोमिबची इंजेक्शनं, डेक्सामेथासोन, लेनालिडोमाइड. आजार आटोक्यात आला. क्रिएटिनिन उतरत उतरत १.४ वर येऊन थांबलं.

"बरं झालं ना आता? मग कशाला दर महिन्याला सुया?" असं नातेवाईक विचारतात. कारणं आहेत. तुंबलेल्या नलिकांपैकी काही सुधारतात, काहींवर कायमचे वण राहतात, म्हणजे किडनीकडे शिल्लक कमी उरते. लेनालिडोमाइड किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी किती चालते यावर त्याचा डोस ठरतो. हाडांसाठीचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड देण्याआधी दर वेळी क्रिएटिनिन बघावं लागतं. आणि आजार परतला तर त्याची चाहूल कधी कधी किडनीतच लागते.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या रोजच्या कामातून तयार होणारा टाकाऊ पदार्थ. किडनी मंदावली की तो रक्तात साठतो. त्यावरून, वय आणि लिंग धरून, ईजीएफआर काढतात, म्हणजे किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचा अंदाज. अण्णांच्या वयाच्या पुरुषाचं क्रिएटिनिन ०.९ वरून १.४ झालं, तर हा अंदाज साधारण ९६ वरून ५६ वर येतो. तेवढीच अर्ध्याची वाढ ३.२ वरून ३.७ अशी झाली, तर तो २१ वरून १८ होतो. म्हणजे सुरुवातीला आकडा जरासा हलतो तेव्हाच नुकसान सगळ्यात मोठं असतं. शिवाय माणूस खंगला, स्नायू झिजले, की क्रिएटिनिन कमी तयार होतं आणि किडनी आहे त्यापेक्षा बरी दिसते.

हे सगळं मी वाचून काढलं, कारण मला असलं वाचायला आवडतं. माझा धंदाच हा आहे. सर्व्हरवर नजर ठेवायची, आलेख वाकडा झाला की अलर्ट यावा अशी सोय करायची, ऑन-कॉलच्या आठवड्यात रात्री दोनला उठायचं. अण्णांच्या शीटलाही मी रंग लावून ठेवले होते. १.६ च्या वर गेलं की लाल.

मागच्या उन्हाळ्यात ते लाल झालं. १.९. ईजीएफआर ३९.

मी अण्णांना फोन केला आणि आकडा सांगितला नाही. "पाणी किती पिताय? जुलाब, उलटी काही? लघवी नीट होते? कुठली गोळी घेतली का बाहेरची?" ते म्हणाले, "नाही रे. कशापायी विचारतोस?" मी म्हणालो, "असंच."

मिरजेच्या डॉक्टरांनी पुन्हा क्रिएटिनिन आणि लाइट चेनची तपासणी सांगितली. लाइट चेनचे दोन प्रकार असतात, कॅपा आणि लॅम्डा. किडनी मंद असली की दोन्ही थोडे वाढतात, म्हणून त्यांचं एकमेकांशी प्रमाण बघावं लागतं. तो रिपोर्ट यायला चार दिवस लागणार होते. "रुटीन आहे" असं सांगून मी अण्णांना रक्त द्यायला पाठवलं. त्या चार दिवसांत माझ्या मनात आजार परतलेला होता, नवी औषधं सुरू झालेली होती, मी नोकरी सोडून तासगावला गेलेलो होतो. अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना माहीत नसावं, यालाच मी काळजी घेणं समजत होतो.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला, हळू आवाजात. पंढरपूरला चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं, अण्णा एसटीनं गेले, तिथं कंबर धरली, तेव्हापासून आठवडाभर मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा चालू आहे. ही गोळी घ्यायची नाही, हे डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. किडनीकडे रक्त नेणारी वाहिनी रुंद ठेवायचं काम शरीर ज्या रसायनांनी करतं, ती रसायनं बनणंच या गोळ्या अडवतात. धडधाकट माणसाला ते एरवी सोसतं. आधीच वण असलेल्या किडनीला, उन्हाळ्यात, कमी पाण्यावर, सोसत नाही.

गोळी बंद झाली, दुखण्यासाठी दुसरा उपाय डॉक्टरांनी दिला, पाणी वाढवलं. लाइट चेन होत्या तशाच निघाल्या. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.५.

मी गावी गेलो तेव्हा चिडूनच विचारलं, "मी विचारलं होतं ना? खोटं का बोललात?"

अण्णा म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू वरडला असतास." मग थोड्या वेळानं, "आणि तू तरी कुठं सांगितलंस, आकडा वाढलाय म्हणून?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी आकडा लपवला होता, त्यांनी गोळी. निदानाला दोन्ही एकत्र लागत होतं. पहिल्याच फोनवर मी "१.९ आलंय" असं म्हणालो असतो, तर कदाचित ते घाबरले असते, पण गोळीचं बोलले असते. बाकीची तपासणी तरीही झाली असती, पण गोळी तीन दिवस आधी थांबली असती.

आमच्या क्षेत्रात एक चांगली रीत आहे. सिस्टिम कोसळली की नंतरच्या बैठकीत कुणाला दोष द्यायचा नाही. हा काही चांगुलपणाचा भाग नाही. शिक्षेची भीती असली की माणसं चूक लपवतात आणि खरं कारण हाती लागत नाही, हे अनुभवानं कळलेलं असतं. कामावर मी ही रीत पाळतो. घरी मात्र मी असा पहारा बसवला होता की पासष्टीकडे झुकलेला माणूस स्वतःच्या घरात गोळी लपवून खात होता. सर्व्हरला आपल्यावर नजर आहे हे कळत नाही, त्यामुळे तो वागणं बदलत नाही. माणूस बदलतो.

पण मग नजर ठेवूच नये का? तसंही म्हणता येत नाही. ती तपासणी झाली नसती, तर १.९ कुणाला दिसलं नसतं, गोळी आणखी महिनाभर चालली असती आणि कदाचित ते नुकसान भरून आलं नसतं. तपासणीनं अण्णांची किडनी वाचवली, हे खरंच आहे. प्रश्न आहे तो आकडा आधी कुणाच्या हातात पडतो याचा.

आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला आजाराचं सांगत नाहीत. "त्यांना सोसणार नाही" असं म्हणतात. काहींना खरोखरच जाणून घ्यायचं नसतं, आणि तोही त्यांचा हक्क आहे. पण तो त्यांनी बोलून दाखवायला हवा, आपण परस्पर गृहीत धरायचा नाही. मी अण्णांना कधी विचारलंच नव्हतं. सोसणार नव्हतं ते मला. त्यांचा घाबरलेला आवाज मला ऐकायचा नव्हता.

या आजाराच्या इतिहासातही अशी एक गोष्ट आहे. १८४५ साली लंडनमध्ये एका रुग्णाच्या लघवीची परीक्षानळी हेन्री बेन्स जोन्स या एकतीस वर्षांच्या डॉक्टरकडे तपासायला गेली. तापवल्यावर विरघळणारं आणि थंड झाल्यावर पुन्हा साकळणारं विचित्र प्रथिन त्यात सापडलं. आज त्याला 'बेन्स जोन्स प्रोटीन' म्हणतात. ते म्हणजे लाइट चेनच, हे १९६२ साली कळलं. ज्याच्या हाडांमधून ते आलं तो थॉमस मॅकबीन नावाचा पंचेचाळिशीचा व्यापारी १८४६ च्या १ जानेवारीला वारला. शोध मोठा होता, नाव शोधणाऱ्याचं लागलं, त्यात अन्याय झाला असं मी म्हणत नाही. पण माझ्या शीटचं नाव मी 'अण्णा_क्रिएटिनिन' ठेवलं होतं आणि ते अण्णांनी कधीच पाहिलेलं नव्हतं, हे मला ती गोष्ट वाचताना आठवलं.

त्या दिवशी मी लॅपटॉप उघडून त्यांना आलेख दाखवला. अण्णांनी तीस वर्षं एसटी चालवली. रेषा कुठं चढली, कुठं उतरली, त्यांना लगेच कळलं. लाल रंग बघून म्हणाले, "इंजिन तापल्याचा काटा ड्रायव्हरपुढं असतोय. डेपो मॅनेजरच्या टेबलावर ठेवून काय उपयोग?"

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅबमध्ये जाऊन नंबर बदलला. आता रिपोर्ट त्यांच्या फोनवर येतो. ते चष्मा लावून आकडा शोधतात आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात. मध्यंतरी कंबर दुखली तेव्हा मेडिकलला जायच्या आधी त्यांनी डॉक्टरांना फोन केला. मला ते चार दिवसांनी कळलं.

मागच्या महिन्यात तपासणीची तारीख होऊन दोन दिवस झाले तरी त्यांचा फोन नव्हता. मी लॅबला फोन लावायला घेतला, ठेवला. आईला विचारावंसं वाटलं, विचारलं नाही. हे दोन दिवस वाईट गेले, आणि ते माझे मीच काढायचे होते.

तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला. द्राक्षांचं यंदा काय होणार, शेजाऱ्यांच्या म्हशीला काय झालंय, आईचा गुडघा, असं सगळं झालं. मी गप्प ऐकत होतो. फोन ठेवता ठेवता अण्णा म्हणाले, "आणि ते आपलं, एक पूर्णांक पाच. हाय तिथंच हाय."